पबमधला चहा

माझे वडील आयुष्यात दारूच्या दुकानाची पायरी एकदाच चढले होते, आणि तेही त्या दुकानाला कुलूप लावायला. अशा माणसाला मी न्यू जर्सीत सलग सहा शनिवार पबमध्ये नेऊन जेवू घातलं. (वाचकांनी मला लगेच नावं ठेवू नयेत, पुढे त्याला भरपूर वाव आहे.)

बाबा नागपूरच्या महापालिका शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. शिवाय आमच्या वस्तीतल्या दारूबंदी समितीचे संस्थापक, अध्यक्ष आणि बरीच वर्षं एकमेव सभासद. ते कुलूप प्रकरण माझ्या लहानपणचं. वस्तीतल्या बायकांचा मोर्चा घेऊन बाबा दुकानावर गेले, घाबरलेल्या मालकाने शटर खाली ओढलं, आणि बाबांनी खिशातून शाळेच्या प्रयोगशाळेचं कुलूप काढून त्याला ठोकलं. किल्ली पोलीस ठाण्यात जमा केली, त्याची पोच घेतली. (प्रयोगशाळा पुढे वर्षभर सुतळीने बांधलेली होती.) दर रविवारी विहारात वंदना झाली की पंचशीलातल्या पाचव्या शीलावर, म्हणजे नशापाणी न करण्याच्या व्रतावर, बाबा बोलायला उभे राहायचे. त्यांचं बोलणं ऐकून तीन माणसांनी दारू सोडली आणि तीसेक माणसांनी रविवारी विहारात लवकर यायचं सोडलं, असं आमची आई म्हणायची.

आणि त्यांचा थोरला मुलगा मिलिंद, म्हणजे मी, वेस्ट विंडसरला घर घेऊन राहत होतो. तो नव्वदच्या दशकाचा शेवट. सगळ्या जगाची कॉम्प्युटरं दोन हजार सालाच्या धास्तीने हातपाय गाळून बसली होती आणि त्यांना धीर देण्याचा मला पगार मिळत होता. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर एका जुन्या गावात ‘द लेम गूज’ नावाचा पब होता. बाहेर पाटीवर एका पायावर उभा हंस. आत बुटकं छत, वर्षानुवर्षं माणसं बसून गुळगुळीत झालेले लाकडी बाक, भिंतीत शेकोटी. टीव्ही नाही, गाणी नाहीत, आणि ‘अजून काही हवंय का’ असं दर तीन मिनिटांनी विचारून तुम्हाला उठवायला बघणारं कोणी नाही. दुपारी बाराला बसलात तर तीनपर्यंत बसा.

मी तिथे जेवायला जायचो. पबमध्ये जाणाऱ्या प्रत्येक नवऱ्याने हे वाक्य बायकोला कधी ना कधी ऐकवलेलं असतं, त्यामुळे त्याला काडीची किंमत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या बाबतीत ते खरं होतं. बारा आणे तरी खरं होतं. मालकीणबाई नोरा स्वतः रांधायची. कांद्याच्या पातीसारख्या कसल्याशा पातीचं आणि बटाट्याचं दाट सूप, त्याच दिवशी भाजलेला जाडजूड ब्रेड, त्यावर लोणी. वरून कुरकुरीत आणि आतून पांढरीशुभ्र वाफ सोडणारा मासा. आणि मटणाचा रस्सा, ज्याला ते लोक स्टू म्हणतात, तो तर सकाळपासून मंद आचेवर असायचा. उरलेले चार आणे म्हणजे एक ग्लास काळी बिअर. एकच. (दुसरा कधी कधी.)

बाबा सप्टेंबरात आले, सहा महिन्यांसाठी. महिनाभरात त्यांच्या पट्ट्याला मला सुऱ्याने नवं भोक पाडून द्यावं लागलं. सकाळी सातला मी ट्रेन पकडायचो, माझी बायको प्रज्ञा लॅबमध्ये जायची, सहा वर्षांची मैत्रू शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढायची. प्रज्ञा दुपारसाठी पोळी, भाजी, वरण झाकून ठेवायची, आणि संध्याकाळी आलो की ते जसंच्या तसं असायचं. विचारलं की बाबा म्हणायचे, भूकच नव्हती. प्रज्ञाने भाजीचे प्रकार बदलले, तिखट वाढवलं, नागपूरला फोन करून पाटोडीचं प्रमाण विचारून घेतलं. फरक पडेना. शेवटी एका रात्री ती मला म्हणाली, “मिलिंद, हे असंच चाललं तर आपल्याला त्यांना लवकर परत पाठवावं लागेल.” मला ते ऐकून खरंच भीती वाटली. आई गेल्यानंतर त्यांना इथे आणायला मला दोन वर्षं लागली होती. ते असे वाळून परत गेले असते तर पुन्हा आले नसते.

पुढच्या शनिवारी आम्ही किराणा आणायला निघालो होतो. साडेअकरा वाजले होते. मागच्या सीटवरून मैत्रूने जाहीर केलं, “डॅडी, आय वाँट नोराज सूप.”

“नोरा कोण?” बाबांनी विचारलं.

खरं सांगायची ही पहिली संधी होती. मी म्हणालो, “एक बाई आहे, बाबा. खानावळ चालवते.”

“बाईमाणूस एकटीनं खानावळ चालवते? मग तर जायलाच पायजे.”

प्रज्ञाने आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की मी आरसाच फिरवला.

गाडी मी मागच्या बाजूला लावली, म्हणजे पाटी दिसायला नको. सगळ्यांना दोन मिनिटं थांबवून स्वयंपाकघराच्या दाराने आत पळालो आणि नोराला एका दमात सगळं सांगितलं: वडील, व्रत, समिती, कुलूप, पट्ट्याचं भोक. नोरा साठीची, पिठाने भरलेल्या हातांची, कमी बोलणारी बाई. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की तिच्या आजोबांनीही चर्चमध्ये न पिण्याची शपथ घेतली होती आणि ते खोकल्याचं औषधसुद्धा हुंगून बघायचे. “तुझ्या वडिलांना अवघडल्यासारखं होईल असं माझ्या घरात काही दिसणार नाही,” असं म्हणून ती हात पुसत बाहेर गेली.

मला वाटलं होतं ती आम्हाला कोपऱ्यातलं टेबल देईल आणि बारच्या बाजूला एखादा पडदा ओढेल. मी बाबांना घेऊन आत शिरलो तर डझनभर धिप्पाड माणसं चिनी मातीच्या कपांतून बिअर पीत बसली होती! कपांवर गुलाबाची फुलं होती, कानांना सोनेरी रेघ होती. तो नोराच्या सासूचा ठेवणीतला सेट होता, हे मागाहून कळलं. बारमागच्या बाटल्यांवर टेबलक्लॉथ घातले होते. बशी कशी धरायची हे कोणालाच माहीत नसल्यामुळे सगळे फार गंभीर दिसत होते.

बाबा दारातच थांबले. सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, “शिस्त चांगली आहे.”

नोराने स्टू आणला. बाबांनी आधी वास घेतला, मग खिशातून स्टीलची चपटी डबी काढून जवसाची चटणी त्यावर भुरभुरवली, आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. ब्रेडच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं, आणि महिनाभर ज्यांनी एका पोळीच्या वर काही मागितलं नव्हतं, त्या बाबांनी नोराला हाताने खूण करून पुन्हा वाढायला सांगितलं. प्रज्ञाने डोळे पुसले. तेवढ्यात माझ्यासमोरही गुलाबाचा एक कप आला होता आणि नोरा डोळा मिचकावून गेली होती. मी तो उचलला. बापाच्या समोर बसून, त्याच्या डोळ्यांत बघत, मी बिअर प्यालो. (म्हटलं होतं ना, नावं ठेवायला वाव आहे.)

त्यानंतर दर शनिवारी ‘नोराबाईची खानावळ’ ठरूनच गेली. बाबा शुक्रवारपासून इस्त्रीचा सदरा काढून ठेवू लागले. पट्टा आधी जुन्या भोकावर आला. जेवणही ते हेडमास्तरांच्या पद्धतीने जेवायचे: दर वेळी एक नवा पदार्थ, आणि शेवटी नोराला त्याबद्दल शेरा. माशाला ‘उत्तम’, सफरचंदाच्या गरम पुडिंगला ‘अति उत्तम’, उकडलेल्या कोबीला ‘प्रयत्न करावा’. नोरा ते शेरे फळ्यावर मेन्यूखाली लिहायची. जवसाची चटणी तिने चाखली, पाणी प्यायली, आणि पुन्हा चाखली.

शेजारच्या टेबलावर फ्रँक नावाचा निवृत्त बस ड्रायव्हर बसायचा. त्याची आणि बाबांची गट्टी जमली. हा फ्रँक दुपारभरात पाच-सहा कप ‘चहा’ घ्यायचा. बाबा परत येताना गाडीत म्हणायचे, “मोठा आनंदी माणूस आहे. दर कपागणिक त्याचं इंग्रजी सोपं होत जाते.” मी म्हणायचो, इथला चहा कडक असतो.

एक खोटं निस्तरायला दुसरं बोलावं लागतं, आणि माझ्याकडे तर शनिवारगणिक तीन-चार जमू लागली. इथे आंबूस वास कसला येते? ब्रेडचं पीठ आंबवतात, बाबा. फ्रँक मधेच गाणं काहून म्हणते? चर्चमध्ये म्हणतात, त्याचा सराव. तुझं तोंड असं लाल काहून झालं? शेकोटीची धग. या चहात हे लोक दूध घालत नाहीत का? नाही बाबा, परवडत नाही. हे शेवटचं उत्तर मी का दिलं, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी बाबांनी फ्रँककडे फार कळवळ्याने पाहिलं आणि पुढच्या शनिवारी त्याच्यासाठी दुधाचा मोठा कॅन घेऊन आले. फ्रँकने आभार मानले. घोटभर दूध बाबांच्या देखत कपात ओतून घेतलं आणि ते मिश्रण प्यायला. त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी पाहिलं नाही. मी टेबलाखाली चमचा शोधत होतो.

प्रज्ञा दर शनिवारी रात्री म्हणायची की आता तरी सांगून टाक. मी म्हणायचो, अगं, ते जेवताहेत. सांगितलं आणि पुन्हा जेवण सुटलं तर? याहून चांगली सबब माझ्याकडे नव्हती.

आमच्या भागातली पंधरा-वीस मराठी घरं महिन्यातून एकदा रविवारी जमायची. कोणी पुण्याचं, कोणी मुंबईचं, आम्ही चार घरं नागपूरची. नोव्हेंबरातल्या बैठकीत बाबांचं व्याख्यान ठरलं. विषय अर्थात व्यसनमुक्ती. लायब्ररीची खोली घेतली होती, पण गुरुवारी तिथला पाण्याचा पाइप फुटला. आता कॅन्सल करावं लागणार म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकतोय तोवर बाबा फोन ठेवून आले आणि म्हणाले की जागेची सोय झाली. नोराबाईशी बोललो. रविवारी बारा वाजता, भाषण आणि जेवण.

मी खुर्चीत बसलो. खुर्ची तिथे नव्हती, हे खाली गेल्यावर कळलं.

म्हणजे आता नागपूरच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष, चाळीस वर्षं एक थेंब न घेतलेले, पबमध्ये उभे राहून व्यसनमुक्तीवर बोलणार! समोर बसलेल्या प्रत्येकाला ती जागा काय आहे ते माहीत, आणि बोलणाऱ्याला तेवढं माहीत नाही. लोक हसले असते. तोंडावर नसतं कोणी हसलं, पण गाडीत बसल्यावर हसले असते, नागपूरला फोनवर सांगितलं असतं, आणि ते हसणं बाबांच्या वस्तीपर्यंत पोचलं असतं. ज्या माणसाला मी आयुष्यभर घाबरलो आणि ज्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता, त्याचं मी हसं करणार होतो.

शुक्रवारी रात्री मी सगळ्या घरांत फोन केले. मागच्या दाराने या, पाटीकडे बघू नका, पब हा शब्द काढू नका. अर्ध्या घरांत आन्सरिंग मशीनवर हा निरोप ठेवताना मला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता आणि तो एखाद्या अपहरण करणाऱ्या माणसासारखा वाटत होता. पुण्याच्या कुलकर्णी काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्यासाठी कपात गार बिअर ठेवता येईल का, असं विचारलं.

रविवारी मी अकरालाच पोचलो. घरून मोठी चादर नेली होती. फ्रँकने शिडी धरली आणि मी वर चढून पाटीवरच्या लंगड्या हंसाला चादर पांघरली. मोरांची चादर होती. आता तिथे हंसाऐवजी चौदा मोर दिसत होते, आणि रस्त्यावरच्या गाड्या हळू होऊन बघत होत्या. पण ‘पब’ कुठे दिसत नव्हतं. घाम पुसत मी स्वयंपाकघरात आलो. नोरा मोठ्या पातेल्यात स्टू ढवळत होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने काळ्या बिअरची आख्खी बाटली त्यात उपडी केली.

मी विचारलं, हे काय?

“स्टू,” ती म्हणाली. “याच्याशिवाय ते नुसतं ओलं मटण.”

आतापर्यंत मी फक्त खोटं बोललो होतो. जागेबद्दल, कपांबद्दल, दुधाबद्दल. ते पुढेमागे सांगता आलं असतं, हसण्यावारी नेता आलं असतं. पण बाबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून पाळलेलं शील मी माझ्या हाताने सहा शनिवार मोडलं होतं. दोन-दोन ताटं. ब्रेडने पुसून.

मी प्रज्ञाला बाजूला घेतलं. ती म्हणाली, “आत्ता सांग.” मी म्हणालो, भाषण झाल्यावर. ती म्हणाली, “भाषणाआधी.” एवढ्यात बाहेर गलका ऐकू आला. बाबा पाहुण्यांच्या स्वागताला पुढच्या दारात जाऊन उभे राहिले होते. घरचं कार्य असल्यासारखे, हात जोडून, चौदा मोरांच्या खाली. मागच्या दाराने येणारे सगळे त्यांनी हाक मारून पुढे बोलावून घेतले होते. माणसं मोरांकडे बघत आत येत होती आणि खोलीभर गुलाबाचे कप घेऊन बसलेल्या अमेरिकन लोकांना नमस्कार करत होती. त्या दिवशी रविवारची आणि शनिवारची अशी दोन्ही मंडळी हजर होती. फ्रँकने टाय लावला होता.

आधी त्रिशरण, पंचशील झालं. ज्यांना येत होतं त्यांनी म्हटलं, बाकीचे हात जोडून उभे राहिले. ते संपल्यावर बाबांनी चष्मा लावला, खिशातून कागद काढला आणि सुरुवात केली, “गेली चाळीस वर्षं मी…”

“बाबा, थांबा,” मी म्हणालो.

मी कधी उठलो ते मला कळलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. बाबा चष्म्यावरून बघत होते, वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे बघायचे तसे. आणि मी बोललो. मी सांगितलं की ही खानावळ नाही, पब आहे. कपात चहा नाही, बिअर आहे. माझ्यासुद्धा. फ्रँक चर्चमध्ये गात नाही, त्याला दूध परवडतं, ब्रेडच्या पिठाचा वास नव्हता. बाहेरच्या चादरीखाली हंस आहे. आणि स्टूमध्ये बिअर असते, हे मला आत्ता तासापूर्वी कळलं, आणि तुमचं शील मी मोडलं, बाबा. तुम्ही नाही मोडलं. मी मोडलं. तेवढ्यात मैत्रूने प्रज्ञाला स्वच्छ इंग्रजीत विचारलं, “मॉमी, इज डॅडी इन ट्रबल?”

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

“झालं तुझं?” ते म्हणाले. “स्टूचं सोड. माझं पातेलं वेगळं असते. पहिल्या दिवशी ताट यायच्या आधीच हात धुवायले गेलो, तेव्हा नोराबाईले विचारलं होतं मी, कशात काय घालते म्हणून. तिनं बिअर पडायच्या आधी माझं वेगळं काढलं, अन् तेव्हापासून वेगळंच शिजवते.”

मी नोराकडे पाहिलं. ती पिठाचे हात निरखत होती.

“तीस वर्षं मी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून वासावरून सांगत होतो, कोण कुठून येऊन राहिला,” बाबा म्हणाले. “मले पब ओळखू येत नाही? अन् चहावर साय येते बे. फेस येत नाही.”

मग ते पाहुण्यांकडे वळले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. आज पाचव्या शीलावर बोलायचं होतं, म्हणाले, पण आता चौथ्यावर बोलतो, खोटं न बोलण्याच्या. प्रात्यक्षिक आपण आत्ताच पाहिलं. मुलानं सहा शनिवार घेतले, पण शेवटी स्वतःहून उभा राहिला. मी रोज वाट पाहून राहिलो होतो. उशीर झाला म्हणून दहापैकी चार गुण.

सगळे हसले. पण ते मला हसत होते, बाबांना नाही. ते हसणं मी आयुष्यात पहिल्यांदा आनंदाने ऐकलं.

पुढची गोष्ट जेवताना कळली. दुसऱ्या शनिवारीच बाबांनी फ्रँकला सांगितलं होतं की कप खाली ठेव बाबा, मला माहीत आहे. तिसऱ्या शनिवारपर्यंत ते सगळ्या पबला माहीत झालं होतं. तरी सगळे कपांतून पीत राहिले, कारण हेडमास्तरांचा मुलगा येतो आणि त्याला वाटतं की आपण लपवतोय. तर बिचाऱ्याचा विरस कशाला करा. म्हणजे महिनाभर तो सगळा थाट चालला होता तो एकट्या माझ्यासाठी! दूधसुद्धा बाबांनी फ्रँकला आधी विचारून आणलं होतं. फ्रँक म्हणाला, त्याने आयुष्यात एवढी वाईट गोष्ट प्यायली नाही, पण माझा चेहरा पाहण्यासाठी तो पुन्हा पिईल. कुलकर्णी काकांनी हे ऐकून हसता हसता आपला कप सांडला. (त्यांच्या कपात खरंच चहा होता. नोराने कुलकर्णी काकूंना आधी विचारून घेतलं होतं.)

प्रज्ञाने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. पहिल्याच दिवशी कळलं होतं, तर बाबा दर शनिवारी का येत राहिले?

बाबांनी हातातला ब्रेड खाली ठेवला. “तुझ्या हाताला चव आहे, प्रज्ञा. भाजीत काही खोट नोती. पण समोर खुर्ची रिकामी असली का घास उतरत नाही. तुझ्या सासूबाई गेल्यापासून तसंच आहे. इथं वीस माणसं सोबत जेवतात. मी काय पितो अन् ते काय पितात, ज्याचं त्याच्यापाशी.” ब्रेड पुन्हा उचलत ते म्हणाले, “अन् मिलिंद समोर बसते. तीन तास बसते. घरी बसते का?”

सोमवारपासून मी आठवड्यातून दोन दिवस दुपारी घरून काम करायची परवानगी मागून घेतली. दोन हजार सालाची धास्ती घेतलेली कॉम्प्युटरं तेवढा वेळ आपापली बसली.

बाबा मार्चमध्ये नागपूरला गेले. जाताना पट्ट्याला बाहेरच्या बाजूने नवं भोक पाडावं लागलं. त्यांना विमानात बसवून पुढच्या शनिवारी मी ‘लेम गूज’ला गेलो. डोळ्यांत पाणी होतं, पण खरं सांगायचं तर खांदेही जरा हलके झाले होते. शेकोटीजवळ बसलो आणि नोराकडे काचेच्या ग्लासात, उजळ माथ्याने, एक काळी बिअर मागितली.

नोराने गुलाबाचा कप आणून ठेवला. आत चहा. खरा.

हेडमास्तर निघताना सांगून गेलेत, ती म्हणाली. त्यांचं पत्र येईपर्यंत तुला दुसरं काही द्यायचं नाही. मी हसलो. ती हसली नाही. आजूबाजूला सगळे ग्लास उंचावून माझ्या कपाकडे बघत होते. पुढच्या शनिवारीही चहाच आला. शेवटी मी नागपूरला पत्र लिहिलं, सविस्तर, नम्रपणे. मी चाळिशीला आलोय, आठवड्यातून एकच ग्लास, तोही जेवणासोबत, तरी नोराला तसं कळवावं.

महिन्याने उत्तर आलं. माझ्या पत्त्यावर नाही, पबच्या पत्त्यावर, नोराच्या नावाने. बाबांचं इंग्रजी माझ्याहून चांगलं आहे, तरी आत सगळं मराठीत होतं. ते त्यांनी चुकून केलं असेल असं मला वाटत नाही. नोराने ते पत्र भर दुपारी, भरल्या पबमध्ये, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, वाच. सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले. मराठी येणारा त्या गावात मी एकटाच होतो. कागदावर दोनच ओळी होत्या. मला हवं ते वाचता आलं असतं आणि जन्मात कोणाला कळलं नसतं.

‘नोराबाईंस सप्रेम जय भीम. चि. मिलिंद यास चहाच द्यावा, साखर अर्धाच चमचा.’

मी उभा राहिलो, घसा साफ केला, आणि शब्दाला शब्द भाषांतर करून सांगितलं. साखरेसकट.